शून्य पाठवण्याची विद्या : चर्चगेट-विरार मार्गावरच्या तारांचा इतिहास

विजेच्या तारेवरून ‘एक’ पाठवणे सोपे असते. बॅटरी जोडली, प्रवाह गेला, पलीकडची सुई हलली की काम झाले. अवघड असते ते शून्य. शून्य म्हणजे काहीच पाठवायचे नाही असे ठरवले, तर समोरून शून्य आले, तार तुटली की तारमास्तर जेवायला उठला, हे पलीकडच्या माणसाला कळत नाही. शून्ये लागोपाठ आली तर ती चार होती की पाच, हेही मोजायला काही हाताशी नसते. एकाच तारेवरून एकामागून एक खुणा पाठवण्याच्या पद्धतीला आज सिरियल कम्युनिकेशन म्हणतात आणि त्या खुणांना विजेचे कोणते रूप द्यायचे या विद्येला लाइन कोडिंग. नावे अलीकडची आहेत, कोडे मात्र रेल्वेइतके जुने आहे. चर्चगेट ते विरार या एका मार्गाच्या कडेने निघाले तरी त्याची बहुतेक उत्तरे वाटेत भेटतात.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची बी.बी.सी.आय., मुंबईहून उत्तरेकडे गेली नाही. ती गुजरातेतून दक्षिणेला उतरली. नोव्हेंबर १८६४ मध्ये ती ग्रँट रोडला पोचली. त्याआधी तिला वसईची खाडी ओलांडावी लागली. मध्ये पाणजू बेट आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाणी, म्हणून पूलही दोन बांधावे लागले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली, सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी परत. रुळांबरोबर तारही आली, कारण धावत्या गाडीच्या पुढे बातमी पोचवू शकणारी दुसरी कोणतीच गोष्ट तेव्हा नव्हती.

भारतातली तार विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने आणली. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या या आयरिश माणसाने १८३९ मध्ये तारेचे पहिले प्रयोग केले आणि १८५० नंतर देशभर तारेचे जाळे उभारण्याचे काम त्याच्याकडे आले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सामान्य लोकांसाठी खुली झाली. त्याने यंत्रही स्वतःचेच बनवले होते. त्यात एक सुई असे. प्रवाह एका दिशेने सोडला की ती डावीकडे झुके, उलट्या दिशेने सोडला की उजवीकडे, आणि प्रवाह नसला की मधोमध थांबे. डाव्या-उजव्या झोक्यांच्या जुळण्यांतून अक्षरे ठरवलेली होती. म्हणजे तारेवर दोन नव्हे, तीन अवस्था होत्या. दोन अवस्था मजकुराच्या आणि तिसरी, मधली, दोन अक्षरांमधल्या उसंतीची.

१८५७ च्या सुमारास हे यंत्र मागे पडले आणि मोर्सचे आले. मोर्सच्या पद्धतीत उलट्या दिशेचा प्रवाह लागत नाही. चालू आणि बंद एवढ्यावर सगळे भागते. लघुचिन्ह एक मात्रा चालते, दीर्घचिन्ह तीन मात्रा. दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची शांतता आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रांची. उपकरण स्वस्त झाले, पण शांतता मोजण्याचे काम यंत्राकडून निघून तारमास्तरच्या कानावर आले. तारयंत्राचा ‘कट्ट-कडकट्ट’ हा आवाज दोन टोल्यांचा असतो, एक दांडी खाली आपटल्याचा आणि दुसरा ती वर उचलली गेल्याचा. खूण त्या दोन टोल्यांच्या मधल्या काळात दडलेली असते. कसलेला तारमास्तर ती न लिहिता ऐके, आणि सतत ऐकून पलीकडच्या माणसाचा हातही ओळखे.

वसई-भाईंदरच्या बाजूला मिठागरे आहेत. खारी हवा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवते, पावसाळी दमटपणात तो थर ओला होतो आणि प्रवाह खांबावाटे जमिनीत झिरपू लागतो. अशा तारेवर ‘चालू’ आणि ‘बंद’ यांतला फरक बारीक होत जातो. दिशेच्या खुणेला हा रोग कमी जाचतो, कारण प्रवाह क्षीण झाला तरी डावे ते डावेच राहते. ओशॉनेसीची डावी-उजवी सुई तारखात्यातून गेली, तरी रेल्वेच्या केबिनमध्ये ती कल्पना टिकून राहिली.

ती टिकली ब्लॉक इन्स्ट्रुमेंटमध्ये. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असावी यासाठी दोन्ही स्टेशनमास्तरांसमोर जोडीची यंत्रे असतात. दुहेरी मार्गावरच्या नेहमीच्या यंत्रात सुई तीन जागा दाखवते. प्रवाह नसेल तर ‘लाइन क्लोज्ड’, एका दिशेचा असेल तर ‘लाइन क्लिअर’, उलट्या दिशेचा असेल तर ‘ट्रेन ऑन लाइन’. इथे शून्याला मुद्दाम सर्वांत सुरक्षित अर्थ दिलेला आहे. तार तुटली किंवा बॅटरी मेली तर सुई आपोआप ‘क्लोज्ड’वर येते आणि गाडी सोडता येत नाही.

सुईच्या जोडीला घंटा असते. एक टोला म्हणजे ‘लक्ष द्या’ किंवा ‘टेलिफोनवर या’. दोन टोले म्हणजे लाइन क्लिअरची मागणी, तीन म्हणजे गाडी मधल्या रुळावर शिरली, चार म्हणजे ती बाहेर पडली, पाच म्हणजे आधीचा संदेश रद्द. सहा टोले धोक्याचे. आलेले टोले जसेच्या तसे परत वाजवून दाखवायचे, तेव्हाच संदेश पोचला असे धरायचे. मोजणी चुकली तर ती तिथल्या तिथे उघडी पडते. संगणकाच्या भाषेत ज्याला पोचपावती म्हणतात, ती स्टेशनमास्तर पितळी घंटेवर देत होते.

जमिनीवर हे चालले असताना समुद्रात वेगळेच संकट उभे राहिले. १४ फेब्रुवारी १८७० रोजी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत अवाढव्य जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने केबल सोडत निघाले. कप्तान होता रॉबर्ट हॅल्पिन. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालून जोडले गेले. त्याआधीचे संदेश इराणी आखातातून आणि मग तुर्कस्तानच्या जमिनीवरच्या तारांवरून जात. वाटेत इंग्रजी न जाणणाऱ्या तारमास्तरांच्या हातांतून ते इतके बदलत की व्यापारी कपाळावर हात मारून घेत.

समुद्री केबलमध्ये तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे आवरण असते आणि त्याच्या बाहेर समुद्राचे पाणी. वीज साठवून ठेवणारी बरणी बनवायची तर हीच कृती आहे, फक्त ही बरणी हजारो किलोमीटर लांब. या टोकाला सोडलेला ठोका त्या टोकाला ठोका म्हणून पोचत नाही. हळूहळू चढतो आणि त्याहून हळू उतरतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने यामागचे गणित मांडले होते. केबल दुप्पट लांब केली की विलंब चौपट होतो. पहिली खूण ओसरण्याआधी दुसरी सोडली तर दोन्ही एकमेकींत मिसळून चिखल होतो.

त्यामुळे लांब केबलींवर मोर्सचे छोटे-मोठे ठोके सोडून देण्यात आले. लघुचिन्हासाठी धन प्रवाह, दीर्घचिन्हासाठी ऋण, दोघांची मुदत सारखीच. दीर्घचिन्हाच्या दोन मात्रा वाचल्या आणि संदेश लवकर संपू लागला. पलीकडे थॉमसनचा आरसा असे. केसाएवढ्या दोऱ्याला टांगलेला चिमुकला आरसा दिव्याचा ठिपका पट्टीवर फेके आणि ठिपका डावीकडे गेला की उजवीकडे, हे अंधाऱ्या खोलीतला कारकून बघत राही. इथे शून्याने नवा खोडसाळपणा केला. एकाच जातीच्या खुणा लागोपाठ आल्या की केबलमध्ये त्या बाजूची वीज साचत जाई आणि विश्रांतीचा ठिपकाच सरके. मग ठिपका सरकला तो खुणेमुळे की साचलेल्या विजेमुळे, हे ठरवणे कारकुनाच्या अनुभवावर येई. यावरचा एक उपाय मार्मिक होता. प्रत्येक धन ठोक्याच्या पाठोपाठ छोटा ऋण ठोका सोडायचा, आणि ऋणाच्या पाठोपाठ धन, म्हणजे मागचा पसारा आवरूनच पुढे जायचे. तारेवरच्या जमाखर्चाची शिल्लक सदैव शून्य ठेवायची, हे तत्त्व तिथे रुजले. पुढची शंभर वर्षे इंजिनिअर तेच नव्या नावांनी वापरत आले.

यंत्राने यंत्राशी बोलायला सुरुवात केली तेव्हा कान आणि डोळे हिशोबातून बाद झाले. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७० च्या दशकात प्रत्येक अक्षराला पाच समान खुणा दिल्या. पाच खुणांतून ३२ जुळण्या होतात. इंग्रजी अक्षरे त्यांत बसतात आणि अंकांसाठी ‘शिफ्ट’ची युक्ती लागते. त्यातून आलेल्या टेलिप्रिंटरमध्ये वेळेचा प्रश्न फार सुबकपणे सोडवलेला होता. तार रिकामी असताना तिच्यातून प्रवाह वाहतच ठेवायचा. अक्षर येण्यापूर्वी एक खूणभर तो तोडायचा. ही स्टार्टची खूण. ती मिळाली की पलीकडचे चक्र फिरू लागते, ठरलेल्या वेळी पाच खुणा टिपते आणि दीड खूण लांबीच्या स्टॉपवर येऊन थांबते. दोन्ही यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळायची गरज उरत नाही; ती एका अक्षरापुरती जुळली की पुरे. ५० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ५० खुणांच्या, वेगाला एक खूण २० मिलिसेकंदांची, पूर्ण अक्षर १५० मिलिसेकंदांचे आणि मिनिटाला ४०० अक्षरे.

वाहता प्रवाह म्हणजे ‘सगळे ठीक’, हा करार असल्यामुळे तार तुटली की टेलिप्रिंटर गप्प बसत नसे. उलट रिकामाच खडखडत सुटे आणि खोलीतल्या सर्वांना बिघाड कळे. तार तपासायची पद्धतही ठरलेली होती. ‘आरवायआरवायआरवाय’ अशी ओळ पाठवायची, कारण या दोन अक्षरांच्या पाच-पाच खुणा एकमेकींच्या नेमक्या उलट असतात आणि तारेला एकाआड एक सर्वाधिक उड्या माराव्या लागतात. ती ओळ शुद्ध उमटली तर तार चांगली. मराठी दैनिकांच्या कचेऱ्यांत वृत्तसंस्थांचा हा इंग्रजी कागद अखंड गळत राही, शिपाई तो फाडून उपसंपादकापुढे ठेवी आणि उपसंपादक त्याचे मराठी करी. वाचकाच्या हाती पडलेल्या कित्येक बातम्या आधी पाच-पाच खुणांच्या इंग्रजीत मुंबईला पोचलेल्या असत. देवनागरी टेलिप्रिंटरही निघाले, पण ३२ घरांत स्वर, व्यंजने, मात्रा आणि अंक कोंबताना जी कसरत करावी लागली, ती पाहता इंग्रजी यंत्राचे पारडे जड राहिले यात नवल नाही.

१९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या टेलिफोन एक्स्चेंजांच्या दरम्यान देशातली पहिली पीसीएम व्यवस्था सुरू झाली. पीसीएम म्हणजे आवाजाचे आकडे करणे. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मापाला आठ बिट द्यायचे. भारताने युरोपची पद्धत स्वीकारली. तिच्यात ३० संभाषणे आणि व्यवस्थेसाठी दोन जागा, असे ३२ प्रवाह एकत्र गुंफून सेकंदाला २०,४८,००० बिट धावतात, आणि तेही ज्या तांब्याच्या जोडीवरून पूर्वी एकच माणूस बोलत असे त्या जातीच्या तारांवरून.

एवढ्या वेगाला दर दोनेक किलोमीटरवर खुणा पुसट होतात, म्हणून वाटेत जमिनीखाली रिपीटर बसवावे लागतात. ते खुणा नव्याने कोरून पुढे सोडतात. त्यांना लागणारी वीज त्याच तारांवरून जाते, त्यामुळे दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर बसवून ती बिटांपासून वेगळी ठेवतात. ट्रान्सफॉर्मरमधून स्थिर प्रवाह जात नाही. म्हणजे तारेवर धनाचा किंवा ऋणाचा ढीग साचून चालणार नाही. १८७० ची अट परत आली. यावर अमेरिकेच्या बेल कंपनीने १९६२ पासून वापरलेली तोड अशी होती, की शून्याला काही पाठवायचे नाही आणि ‘एक’ला आळीपाळीने एकदा धन, एकदा ऋण ठोका द्यायचा. जमाखर्च आपोआप जुळतो. शिवाय दोन धन ठोके लागोपाठ आले तर वाटेत कुठेतरी चूक झाली, हेही फुकटात कळते.

पण शून्य म्हणजे अजून शांतताच होती, आणि रिपीटर आपले घड्याळ ठोक्यांवरूनच लावतो. शून्यांची रांग लागली, की रिपीटर भरकटणार. युरोपीय पद्धतीत याला दिलेले उत्तर लाइन कोडिंगच्या इतिहासातले सर्वांत चतुर म्हणावे लागेल. चार शून्ये सलग आली की चौथ्याच्या जागी मुद्दाम एक ठोका घालायचा, आणि तोही आळीपाळीचा नियम मोडून, चुकीच्या बाजूचा. खऱ्या ‘एक’कडून असा नियमभंग होत नाही, म्हणून पलीकडच्या यंत्राला कळते की ही चूक हेतुपुरस्सर आहे, इथे चार शून्ये वाचायची. हे नियमभंगही आळीपाळीने धन-ऋण व्हावेत म्हणून गरज पडेल तिथे पहिल्या शून्याच्या जागी आणखी एक ठोका घालतात. या पद्धतीचे नाव एचडीबी-३.

काचेच्या तंतूवर हीच युक्ती चालत नाही. देशातली पहिली स्थानिक ऑप्टिकल फायबर व्यवस्था १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. प्रकाश असतो किंवा नसतो. ऋण प्रकाश नावाची वस्तू नाही. म्हणून तंतूवर बिटांचे गट बदलून किंवा ठरलेल्या सूत्राने त्यांची सरमिसळ करून शून्यांच्या रांगा फोडाव्या लागतात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था आणि पवईचे आयआयटी यांच्यातली ई-मेल साध्या टेलिफोनवरून, मोडेमने सुरू झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीचा दुवा अमेरिकेतल्या यूयूनेट या नेटवर्कशी जुळला, वेग सेकंदाला ९,६०० बिट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिले. वसई-विरारचा टेलिफोन कोड ०२५०. हा भाग मुंबईच्या टेलिफोन हद्दीबाहेरचा, त्यामुळे मोडेमने मुंबईचा नंबर लावणे म्हणजे स्थानिक कॉल नव्हता. किर्र-खर्र आवाज करत जुळणी चालू असे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे लक्ष घड्याळाकडे असे.

त्या मोडेममध्ये जुन्या-नव्याचा मेळ होता. संगणकापासून मोडेमपर्यंतच्या छोट्या केबलवर आरएस-२३२ हे १९६० मधले मानक चाले. त्यात ‘एक’ म्हणजे ऋण दाब, शून्य म्हणजे धन दाब. शून्यालाही इथे स्वतःचा दाब मिळाला, आणि अक्षराच्या आधी स्टार्ट, नंतर स्टॉप ही रचना जशीच्या तशी टेलिप्रिंटरची. पुढे टेलिफोनची तार फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झचे सूर जाऊ देते, म्हणून बिटांचे सूर करावे लागत. सर्वांत साध्या मानकात एकीकडून ९८० आणि १,१८० हर्ट्झ, दुसरीकडून १,६५० आणि १,८५० हर्ट्झ, असे दोन-दोन सूर ‘एक’ आणि शून्याला वाटून दिलेले असत. शून्य आता शांतता उरली नव्हती. तो एक वेगळा सूर होता.

इकडे रुळही तारेचे काम करत होते. विजेची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत आली, १,५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. विरारच्या उत्तरेला १९७० च्या दशकात २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला, आणि दोन्हींवर चालणारी इंजिने लांब पल्ल्याच्या गाड्यांना लावावी लागली. रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखायला दोन रुळांमधून छोटा प्रवाह सोडतात. तो पलीकडे पोचला तर मार्ग मोकळा. चाकांनी तो अडवला, रूळ तडकला किंवा वायर निघाली तर शून्य, आणि शून्य म्हणजे लाल सिग्नल. पण गाडीचा अजस्र प्रवाहही त्याच रुळांतून परततो. त्यात आपला इवलासा संदेश वेगळा ओळखू यावा म्हणून मुंबईच्या डीसी भागात ८३⅓ हर्ट्झची वारंवारता निवडली होती, घरगुती विजेच्या ५० हर्ट्झच्या कोणत्याच पटीत न बसणारी. पश्चिम रेल्वेने फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार हा मार्ग एसीवर नेला. अशा बदलात बहुतेक ठिकाणी ऑडिओ फ्रिक्वेन्सीची सर्किटे येतात. त्यांत दोन जवळच्या सुरांमध्ये उड्या मारत संदेश जातो, आणि काही पद्धतींत प्रत्येक तुकड्याला बिटांची स्वतःची ओळखही असते.

या बदलाच्या आधीपासून, २००७ पासून, दोन्ही प्रकारच्या विजेवर धावणाऱ्या नव्या लोकल येऊ लागल्या. त्यांत मोटरमनची आज्ञा संगणकांतून जाते आणि डब्याडब्यांतले संगणक एकमेकांशी बोलतात. रेल्वेगाड्यांसाठी १९९९ मध्ये जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात डब्यांच्या संचाच्या आतली तार सेकंदाला १५ लाख बिटांनी आणि संच जोडणारी तार १० लाख बिटांनी चालते. दोन्हींवर मँचेस्टर पद्धतीचा कोड आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी मँचेस्टर विद्यापीठात चुंबकीय ड्रमवर आकडे साठवताना तो निघाला. प्रत्येक बिटाच्या मधोमध प्रवाह उलटतो. एका दिशेने उलटला तर ‘एक’, दुसऱ्या दिशेने उलटला तर शून्य. शून्याला एकाइतकीच धावपळ करावी लागते, घड्याळ प्रत्येक बिटाबरोबर पोचते आणि जमाखर्चही प्रत्येक बिटात मिटतो. दुप्पट वेगाच्या उड्या माराव्या लागतात, हा त्याचा खर्च.

डब्यांचे संच जिथे जोडले जातात, तिथे कपलरमध्ये धातूच्या खुंट्या एकमेकींना टेकतात. दमट हवेत त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, आणि मँचेस्टरच्या कोवळ्या खुणा तो थर भेदू शकत नाहीत. म्हणून त्याच तारांवर वेगळा डीसी दाब देऊन तो थर आधी फोडतात. बिटांची शिल्लक नेहमी शून्य असल्यामुळे हा स्थिर दाब त्यांच्यात मिसळत नाही; तो बाजूला काढता येतो. वाट मोकळी झाली की संचांमधले संगणक एकमेकांना साद घालतात, आपला क्रमांक ठरवतात आणि कोणाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते नोंदवतात. मगच ती गाडी एक गाडी म्हणून कारशेडबाहेर पडू शकते.